मुलाखतीत "ऐकू कमी येतं" म्हणून नकार मिळाला, तर दावा होतो का?

प्रश्न राजापूर तालुक्यातल्या एका भावाचा आहे, धाकट्या बहिणीबद्दल. थोडक्यात असा: बहिणीला लहानपणापासून दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं. श्रवणयंत्र आहे, समोरच्याच्या ओठांकडे बघून ती बोलणं समजून घेते, स्वतः बोलते, फक्त उच्चार थोडे वेगळे येतात. बी.कॉम. झाली आहे, टॅली आणि एमएस-सीआयटी केलं आहे, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आहे. रत्नागिरीजवळच्या एका मासळी निर्यात करणाऱ्या कंपनीत हिशेबाच्या जागेसाठी अर्ज केला. टॅलीची चाचणी चांगली झाली. मग समोर बसवून दोन प्रश्न विचारले आणि "फोन कोण घेणार? घरून करता येईल असं काही बघा" असं म्हणून परत पाठवलं. पुढे एका जिल्हा परिषदेच्या भरतीत ती दिव्यांग प्रवर्गातून कागदपत्र पडताळणीपर्यंत पोचली. तिथे नावं तोंडी पुकारली, तिला ऐकू आलं नाही, ती हॉलमध्येच बसून राहिली आणि तिच्या नावापुढे "गैरहजर" लागलं. भावाला विचारायचंय की याला भेदभाव म्हणता येतं का, आणि दाद कुठे मागायची.

दोन्ही ठिकाणी भेदभाव झाला आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. पण दोन्हींची ताकद सारखी नाही. जिल्हा परिषदेचा दावा भक्कम आहे आणि तो आधी हातात घ्यायला हवा, कारण तिथे वेळ चालली आहे. कंपनीविरुद्धचा दावा होतो, पण कायदा तिथे पातळ आहे. तो किती पातळ आहे हेही सांगते, म्हणजे खोट्या आशेवर कोणी राहणार नाही.

आधी एक गोष्ट. तुम्ही भाऊ म्हणून लिहिलंत, तुमची कळकळ दिसते. पण बहीण सज्ञान आहे. तक्रार तिच्या नावाने, तिच्या सहीने जायला हवी, आणि तिला नेमकं काय हवंय ते तिला विचारायला हवं. ती कंपनीतली नोकरी अजून हवी आहे का? की नुसती चूक मान्य करून हवी आहे? की तिकडे पुन्हा पाऊलही टाकायचं नाही? माझ्याकडे घरची माणसं येतात, तावातावाने बोलतात, आणि जिच्याबद्दल बोलणं चाललंय ती बाजूच्या खुर्चीत गप्प बसलेली असते. मग मी कागद-पेन तिच्यापुढे सरकवते. उत्तर बऱ्याचदा घरच्यांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं निघतं. दावा कुठल्या दिशेने न्यायचा हे त्या उत्तरावर ठरतं.

आता कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 हा आपला मुख्य कायदा, 19 एप्रिल 2017 पासून लागू. त्याआधीच्या 1995 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, यात एकवीस आहेत. कमी ऐकू येणाऱ्यांच्या बाबतीत मोजणी डेसिबलवर चालते. बोलण्याच्या आवाजपट्टीत दोन्ही कानांत 60 ते 70 डेसिबलची घट असेल तर "ऐकू कमी येणे", आणि 70 डेसिबल घट असेल तर "कर्णबधिर". डेसिबल आणि टक्केवारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रमाणपत्रावर टक्के असतात, ऑडिओग्रामवर (कानाच्या तपासणीच्या आलेखावर) डेसिबल. हे दोन्ही कागद एकत्र ठेवा. पडताळणीच्या टेबलावर "साठ लिहिलंय म्हणजे साठ टक्के ना?" असे घोळ मी पाहिले आहेत आणि त्यात उमेदवाराचं नुकसान होतं.

या कायद्यातलं सगळ्यात मोलाचं कलम दोन आहे. व्याख्यांचं कलम म्हणून लोक ते उलटून पुढे जातात. त्यात "भेदभाव" या शब्दाच्या अर्थातच "वाजवी सोय नाकारणे" धरलं आहे. म्हणजे कोणी तोंडावर "आम्ही बहिऱ्यांना घेत नाही" म्हणायची गरज नाही. साधी, परवडणारी सोय करता येत होती आणि केली नाही, एवढ्यानेही भेदभाव होतो. सोय संस्थेवर अवाजवी बोजा टाकणारी नसावी, एवढी मर्यादा आहे. कलम 3(3) सांगतं की दिव्यांगत्वाच्या कारणावरून भेदभाव करता येणार नाही, अपवाद फक्त तेव्हा, जेव्हा ती कृती एखाद्या रास्त उद्देशासाठी, त्या उद्देशाच्या प्रमाणात होती असं दाखवता येतं. आणि ते दाखवायचं काम नकार देणाऱ्याचं आहे. तुमच्या बहिणीने "मी फोनशिवाय काम करू शकते" हे सिद्ध करत बसायचं नसून कंपनीने "फोनशिवाय हे काम होऊच शकत नाही" हे दाखवायचं आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 11 फेब्रुवारी 2021 च्या विकाश कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या निकालात हे फार नीट मांडलं. तो खटला परीक्षेत लेखनिक मिळण्याचा होता. न्यायालय म्हणालं की किमान 40 टक्के दिव्यांगत्वाची अट आरक्षणासारख्या ठरावीक लाभांना आहे. वाजवी सोय मागायला ती अट नाही. आणि सोय कोणती द्यायची हे त्या माणसाशी बोलून, त्याची गरज समजून ठरवायचं. हे दोन मुद्दे कोकणात फार उपयोगी पडतात, कारण 35 टक्क्यांचं प्रमाणपत्र हातात घेऊन "आपल्याला काही लागू नाही" असं समजून घरी बसलेली बरीच मुलंमुली आहेत. आरक्षण लागू नाही, हे खरं. भेदभावापासूनचं संरक्षण मात्र त्यांनाही आहे.

आता जिल्हा परिषदेचं प्रकरण.

जिल्हा परिषद ही स्थानिक प्राधिकरण आहे, म्हणजे कायद्याच्या भाषेत "शासकीय आस्थापना". कलम 20 तिला थेट बांधतं: नोकरीशी संबंधित कोणत्याही बाबतीत भेदभाव नाही, आणि वाजवी सोय द्यायची. पडताळणी हा भरतीचाच भाग. दिव्यांग प्रवर्गाच्या उमेदवारांना ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी कर्णबधिर उमेदवार येणार हे यादीवरच लिहिलेलं होतं. फळ्यावर क्रमांक लिहिणं, पडद्यावर नाव दाखवणं, टोकन देणं, एखाद्या शिपायाला रांगेत फिरून यादी दाखवायला सांगणं, यांतलं काहीही फुकटात होत होतं. ते न करता तोंडी पुकारा करून गैरहजर ठरवणं म्हणजे सोय नाकारणं. इथे प्रशासनाकडे सांगण्यासारखं उत्तर मला तरी दिसत नाही.

पण ती त्या दिवशी तिथे होती, हे दाखवता यायला हवं. राजापूरहून निघालेल्या एसटीचं सवलतीचं तिकीट असेल तर ते जपा, शाई उडते म्हणून त्याचा फोटो काढून ठेवा. गेटवरच्या नोंदवहीत सही केली असेल तर त्या पानाची मागणी करा. हॉलमध्ये शेजारी बसलेल्या उमेदवारांचे नंबर घेतले असतील तर त्यांच्याकडून दोन ओळींचा जबाब लिहून घ्या. दुपारी कोणाला व्हॉट्सॲपवर "अजून नंबर नाही आला" असं तिने कळवलं असेल तर तो मेसेज पुरावा आहे, पुसू नका. आणि सीसीटीव्ही. चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं, म्हणून "अमुक तारखेचं, अमुक हॉलचं चित्रण जतन करावं" असा एका ओळीचा अर्ज लगेच द्या. चित्रण नंतर मिळालं नाही तरी चालेल; ते जतन करायला तुम्ही वेळेत सांगितलं होतं, या नोंदीलाही वजन असतं.

मोबाइलवरचे मेसेज किंवा रेकॉर्डिंग पुरावा म्हणून द्यायचं असेल तर मूळ हँडसेट जपून ठेवा. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र त्यासोबत लागतं, त्याचा मसुदा वकील करून देतात. नवीन फोन घेतला म्हणून जुना दुकानात देऊन टाकू नका.

तक्रार पहिल्यांदा जिल्हा परिषदेकडेच. कलम 23 प्रमाणे प्रत्येक शासकीय आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी असायला हवा, त्याने तक्रार नोंदवहीत घ्यायची आणि दोन आठवड्यांत चौकशी करायची. असा अधिकारी नेमलेलाच नाही असं कळलं तर अर्ज मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांच्या नावे द्या, आणि अधिकारी नेमलेला नाही ही गोष्टही त्यातच लिहा. अर्जात मागणी नेमकी हवी: गैरहजर हा शेरा काढावा, नव्याने पडताळणीची तारीख द्यावी, त्या दिवशी पुकारा लेखी किंवा पडद्यावर व्हावा, आणि तोपर्यंत तिच्या प्रवर्गातली एक जागा भरू नये. "योग्य ती कार्यवाही व्हावी" असं मोघम लिहिलं की उत्तरही मोघम येतं. अर्ज आवक विभागात देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या.

त्याच दिवशी माहिती अधिकाराचा अर्जही टाका. दहा रुपये शुल्क, उत्तराला तीस दिवसांची मुदत. काय मागायचं? पडताळणीच्या दिवसाचं हजेरीपत्रक, उमेदवारांना बोलावण्याच्या पद्धतीबद्दलच्या लेखी सूचना, दिव्यांग उमेदवारांसाठी केलेल्या सोयींची नोंद, त्या पदाची बिंदुनामावली (कोणती जागा कोणत्या प्रवर्गाला राखीव, याची नोंद), आणि कर्णबधिर प्रवर्गातली जागा कोणाला दिली किंवा पुढे ओढली याची टिपणी. "का" विचारू नका, माहिती अधिकारी का-चं उत्तर देत नाहीत. कागदांच्या प्रती मागा. पहिलं अपील त्याच कार्यालयात वरच्या अधिकाऱ्याकडे, दुसरं राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे, नवी मुंबईला.

बिंदुनामावली का मागायची ते सांगते. कलम 34 प्रमाणे शासकीय आस्थापनेत किमान चार टक्के जागा दिव्यांगांना. त्यातला एक टक्का अंध आणि अल्पदृष्टीसाठी, एक टक्का कर्णबधिर आणि कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, एक टक्का अस्थिव्यंग गटासाठी (मेंदूचा पक्षाघात, कुष्ठरोगमुक्त, बुटकेपणा, ॲसिड हल्लाग्रस्त, स्नायूंचा ऱ्हास हे त्यातच येतात), आणि उरलेला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक अक्षमता, अध्ययन अक्षमता, मानसिक आजार व बहुविकलांगता यांना मिळून. योग्य उमेदवार मिळाला नाही म्हणून जागा रिकामी राहिली तर ती लगेच दुसऱ्या कोणाला देता येत नाही. ती पुढच्या भरती वर्षात न्यायची. तेव्हाही त्या गटातला उमेदवार मिळाला नाही तर दिव्यांगांच्या दुसऱ्या गटाला, आणि कोणीच दिव्यांग उमेदवार नसेल तरच इतरांना. तुमच्या बहिणीला गैरहजर दाखवून "उमेदवार उपलब्ध नाही" असा शेरा झाला असेल, तर ती जागा कायद्याने अजून दिव्यांगांचीच आहे. तिचा दावा जिवंत राहतो तो या कलमामुळे.

जिल्हा परिषद ऐकत नसेल तर पुढचं दार राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं, कार्यालय पुण्याला. तिथे वकील लावलाच पाहिजे असं नाही. साध्या मराठीत, तारखांसकट, कागद जोडून तक्रार देता येते. चौकशीत आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे, कागद मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी शिफारस केली की आस्थापनेने तीन महिन्यांत कारवाई करायची, किंवा का मानत नाही ते कळवायचं. सुनावणीची सूचना आली की लगेच लेखी कळवा की उमेदवाराला ऐकू कमी येतं, प्रश्न लिहून विचारावेत किंवा सांकेतिक भाषेचा दुभाषी द्यावा. भेदभावाच्या सुनावणीतच पुन्हा तोच अनुभव यायला नको.

मात्र आयुक्तांकडून भरतीला स्थगिती मिळेल या भरवशावर बसू नका. स्टेट बँक ऑफ पतियाळा विरुद्ध विनेश कुमार भसीन या 2010 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, जुन्या कायद्याखाली का होईना, म्हटलं आहे की आयुक्तांना मनाई हुकूम देण्याचा अधिकार नाही. नियुक्तीपत्रं निघायच्या बेतात असतील तर उच्च न्यायालयात रिट याचिका हाच रस्ता. जिल्हा परिषदेच्या नोकऱ्यांचे वाद महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात चालत नाहीत. तलाठी, पोलीस, कृषी विभाग अशा राज्य शासनाच्या पदांचे तिथे जातात, आणि तिथे साधारण एक वर्षाची मुदत असते. हा फरक न कळल्यामुळे लोक चुकीच्या दारात सहा-सहा महिने घालवतात.

उच्च न्यायालय म्हटलं की आपल्याकडे पूर्वी पोटात गोळा यायचा, रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठायची, सकाळी फोर्टात हजर व्हायचं. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालं आहे आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग हे दोन्ही जिल्हे त्याच्या कक्षेत आहेत. राजापूरकराला अणुस्कुरा घाट चढून कोल्हापूर म्हणजे एका दिवसात जाऊन येण्याचं अंतर. रायगड, ठाणे, पालघरचे दावे मुंबईलाच. वकिलाच्या फीची चिंता असेल तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 चं कलम 12 वाचा: दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच प्राधिकरणाचं कार्यालय असतं. "तुमचं उत्पन्न जास्त आहे" असं टेबलावर कोणी म्हटलं तर ते कलम दाखवा.

आता कंपनी.

कलम 20 मधली नोकरीतल्या भेदभावाची मनाई फक्त शासकीय आस्थापनांसाठी लिहिली आहे. खासगी क्षेत्रात चार टक्के आरक्षणही नाही. कामगार न्यायालय नोकरीवर असलेल्यांचं ऐकतं. जिला घेतलंच नाही तिला तिथे जागा नाही. एवढं ऐकून बरेच वकील फाइल बंद करतात. मला ते पटत नाही, कारण कलम 3(3) मध्ये शासकीय-खासगी असा भेद नाही, आणि कलम 21 प्रत्येक आस्थापनेला समान संधी धोरण जाहीर करायला सांगतं. खासगी आस्थापना म्हणजे फक्त मोठी कंपनीही नाही. फर्म, सहकारी संस्था, ट्रस्ट, कारखाना सगळं त्यात येतं. कुडाळच्या एमआयडीसीतला कारखाना, वेंगुर्ल्याची काजू प्रक्रिया, तारकर्लीचं हॉटेल चालवणारी फर्म, गावची पतसंस्था, सगळे. आणि अनुदानित शिक्षण संस्था तर शासकीय आस्थापनेच्या व्याख्येत बसते, कारण "शासनाचं अनुदान असलेली संस्था" हे शब्दच त्यात आहेत. आपल्याकडे अर्ध्या शाळा अशा संस्थांच्या आहेत. तिथे लिपिकाच्या किंवा शिक्षकाच्या जागेसाठी नकार मिळाला तर कलम 20 पूर्ण ताकदीने लावा.

केंद्राच्या 2017 च्या नियमांतला तिसरा नियम कंपनीच्या बाबतीत कामाचा आहे. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेच्या प्रमुखाकडे भेदभावाची तक्रार आली, तर त्याला दोनच पर्याय: कायद्याप्रमाणे कारवाई करायची, किंवा आपली कृती रास्त उद्देशासाठी आणि प्रमाणात कशी होती हे तक्रारदाराला लेखी कळवायचं. त्याच नियमात असंही आहे की वाजवी सोयीचा खर्च दिव्यांग व्यक्तीकडून मागता येणार नाही.

या "लेखी कळवायचं" मध्ये माझ्या मते सगळा जीव आहे. आपल्याकडे नकार कठोर शब्दांत येत नाही. तो मायेने येतो. "पोरी, तुला त्रास होईल", "ओल्या फरशीवर पाय घसरेल", "आम्हाला वाईट वाटतंय गं". बोलणारा कदाचित मनापासून बोलत असतो. पण अशा वाक्याला न्यायालयात धरता येत नाही. ते कागदावर उतरवायला लावलं की त्याला कामाबद्दल बोलावं लागतं, आणि कामाबद्दल बोलायला लागलं की बहुतेक कारणं टिकत नाहीत.

म्हणून पहिलं पत्र भांडणाचं लिहू नका. मी साधारण असं लिहायला सांगते:

"मी अमुक तारखेला आपल्याकडे लेखा सहायक पदाच्या चाचणी व मुलाखतीस हजर होते. टॅलीची चाचणी मी पूर्ण केली. मुलाखतीत मला फोन घेता येणार नाही या कारणावरून निवड होणार नाही असे सांगण्यात आले. मला ऐकू कमी येते. ई-मेल, व्हॉट्सॲप व लेखी निरोपाद्वारे मी हे काम पूर्ण करू शकते. फोनची कामे सहकाऱ्याकडे देऊन त्यांच्या नोंदींचे काम मला देता येईल. कृपया या सोयीसह माझ्या अर्जाचा पुन्हा विचार करावा. शक्य नसल्यास त्याचे कारण लेखी कळवावे. आपल्या समान संधी धोरणाची प्रतही पाठवावी."

ई-मेलने पाठवा, आणि एक प्रत पोचपावतीसह स्पीड पोस्टने. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा, नंतर ती काढून टाकली जाते. मुलाखतीला कोण कोण बसलं होतं, कोण काय म्हणालं, हे बहिणीने त्याच आठवड्यात स्वतःच्या शब्दांत लिहून, तारीख घालून ठेवावं.

या पत्राने दोन गोष्टी होतात. सोय लेखी मागितली गेली, त्यामुळे "आम्हाला माहीतच नव्हतं" असं पुढे म्हणता येत नाही. आणि फोनचा प्रश्न नीट तपासला जातो. निर्यात कंपनीच्या हिशेबाच्या टेबलावर फोन वाजतो, हे खरं. मीरकरवाड्याला बोट लागली की खरेदीचा भाव फोनवरच ठरतो, बर्फाची गाडी अडकली की फोनच येतो. पण तो फोन खरेदीच्या माणसाचा. बिलं, व्हाउचर, बँक जुळवणी, जीएसटी, निर्यातीची इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट, क्लिअरिंग एजंटशी कागदांची देवाणघेवाण ही कामं आज जवळजवळ पूर्णपणे ई-मेलवर आणि स्क्रीनवर होतात. पुरवठादाराच्या भावाची खात्री तर लेखी मेसेजवर घेतलेलीच बरी, हिशेबाला पुरावा राहतो. दोन सहायक असतील तर एकाने फोन घ्यायचे, दुसऱ्याने त्याच्या नोंदी ओढायच्या. याला खर्च शून्य.

हेच पद रिसेप्शनचं असतं, किंवा रात्री वायरलेसवर बोटींशी बोलणाऱ्याचं असतं, तर मी वेगळं बोलले असते. जिथे ऐकणं हेच काम आहे तिथे कंपनीचं म्हणणं टिकू शकतं. म्हणून दावा करण्याआधी त्या जागेवर बसणाऱ्या माणसाचा एक दिवस कसा जातो, याची माहिती काढा. कोकणात हे अवघड नाही, कोणाचा तरी चुलतभाऊ तिथे कामाला असतोच.

उत्तर आलं नाही, किंवा आलं आणि पटलं नाही, तर कंपनीविरुद्धही दिव्यांग आयुक्तांकडे जाता येतं. केंद्राच्या नियमांत अशा तक्रारीचा निपटारा साठ दिवसांत व्हावा असं म्हटलं आहे. प्रत्यक्षात जास्त वेळ धरून चाला. कलम 89 खाली कायद्याचा किंवा नियमाचा भंग केल्यास पहिल्यांदा दहा हजार रुपयांपर्यंत आणि पुढच्या वेळी पन्नास हजार ते पाच लाख रुपये दंड आहे. पण दंड सरकारजमा होतो, बहिणीच्या हातात येत नाही. नाकारलेल्या उमेदवाराला नुकसानभरपाई देण्याची सरळ तरतूद या कायद्यात नाही. खासगी प्रकरणात चांगल्यात चांगलं काय होतं, तर पुन्हा मुलाखत होते, किंवा कंपनीला धोरण लिहून दर्शनी भागात लावावं लागतं आणि पुढच्या मुलीला तो प्रश्न वेगळ्या पद्धतीने विचारला जातो. माझ्या अनुभवात बऱ्याच गोष्टी त्या पहिल्या पत्रावरच मिटतात. मालकाला वकिलाने सांगितलं की लेखी कारण द्यावं लागेल, की तो म्हणतो, बोलावून घ्या तिला परत.

कलम 92 लावा, असं तुम्हाला कोणीतरी सुचवेल. त्यात सहा महिने ते पाच वर्षं कैद आहे, म्हणून ते मोठं वाटतं. ते कलम चारचौघांत हेतुपुरस्सर अपमान करणं, धमकावणं, मारहाण, अशा गोष्टींसाठी आहे. "फोन कोण घेणार" हा प्रश्न दुखावणारा आहे, भेदभावही आहे, पण तो गुन्हा त्या कलमातला नाही. उगाच ते लावलं तर खरा दावाही हलका दिसायला लागतो. तिच्या उच्चारांची सर्वांसमोर नक्कल केली असती, तर मात्र मी स्वतः पोलीस ठाण्यात सोबत आले असते.

लोकांची भीती दुसरीच असते, मला माहीत आहे. पंचक्रोशी लहान, मालक ओळखीचा, उद्या दुसरीकडे कोण कामाला घेणार. ही भीती खोटी नाही. म्हणूनच पत्राचा सूर विनंतीचा ठेवायला सांगते, आणि म्हणूनच निर्णय बहिणीचा हवा. तिने कंपनीचा विषय सोडायचं ठरवलं तर त्यात काही कमीपणा नाही. जिल्हा परिषदेचा मात्र सोडू नका. तो कोणाच्या मर्जीचा प्रश्न नाही, ती जागा कायद्याने राखलेली आहे.

एक खबरदारी. यूडीआयडी, प्रमाणपत्र आणि अर्जातला तपशील तंतोतंत जुळतो का ते बघा. खोट्या प्रमाणपत्रांमुळे आता तपासणी कडक झाली आहे, आणि कलम 91 खाली खोटेपणाने लाभ घेतल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. खऱ्या दिव्यांगालाही नावातल्या एका अक्षराच्या फरकापायी खुलासे देत बसावं लागतं. सायबर कॅफेत किंवा सेवा केंद्रात भरलेल्या फॉर्मची प्रिंट काढून एकदा शांतपणे वाचा. पडताळणी पुन्हा झाली तर श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या जादा न्या, आणि फेरवैद्यकीय तपासणीला पाठवलं तर जुने ऑडिओग्रामही सोबत द्या.

आता क्रम सांगते. सोमवारी जिल्हा परिषदेचा अर्ज, सीसीटीव्हीचा अर्ज आणि माहिती अधिकाराचा अर्ज, तिन्ही एकाच खेपेत. निवड यादी किंवा प्रतीक्षा यादी संकेतस्थळावर रोज बघत राहा. तिच्या प्रवर्गातल्या जागेवर दुसरं नाव दिसलं, किंवा दोन आठवड्यांत चौकशीची हालचाल दिसली नाही, तर थांबू नका, विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील घेऊन कोल्हापूरला याचिका दाखल करा. आयुक्तांकडची तक्रार त्याला समांतर चालू शकते, पण याचिकेत तिचा उल्लेख करा, लपवू नका. कंपनीचं पत्र त्यानंतर, बहीण हो म्हणाली तर. अर्जांवर सही तिची असू दे, आणि आवक विभागात तिने स्वतः जावं, तुम्ही बरोबर राहा. शिक्का मारलेली प्रत मिळाली की तिचा फोटो काढून ठेवा आणि मूळ प्रत घरी फाइलला लावा.